रुमालाची गाठ

मुलुंड पूर्वेला आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी खोली होय. तिच्यात एक मेज, चार खुर्च्या आणि भिंतीला टेकून उभे असलेले, जवळच विक्रोळीत घडलेले गोदरेजचे एक कपाट एवढाच काय तो सरंजाम आहे. इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार असे ठरले, आणि शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांना अनुसरून पुढील कार्यवाही करण्यापूर्वी संस्थेचे सर्व कागद एकत्र करून ठेवावेत अशी सूचना झाली, तेव्हा सचिव या नात्याने ते काम माझ्याकडे आले. आणि लागोपाठ तीन रविवार त्या कपाटासमोर बसून मी जे पाहिले, त्याने संस्थांच्या स्मृतीविषयी माझ्या मनात दृढ झालेल्या कित्येक समजुती पार उलटून टाकल्या.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात १९८३ पासूनची इतिवृत्ताची वही होती. संस्थेच्या पहिल्या सचिवांचे ते वळणदार, एकटाकी अक्षर. प्रत्येक ठरावाला अनुक्रमांक, त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे, समासात तांबड्या शाईने विषयाचा निर्देश, आणि वहीच्या अखेरच्या पानांवर त्या विषयांची सूची. भागदाखल्यांची नोंदवही, सभासदांची नोंदवही, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, नगर भूमापन कार्यालयातून आणलेली मिळकत पत्रिका हेही सर्व जागच्या जागी होते. त्याखालच्या कप्प्यात १९९७ ते २००८ या काळातील पत्रव्यवहार होता, परंतु तो फ्लॉपी आणि सीडी यांच्यावर साठविलेला. ज्या थोड्या चकत्या उघडल्या त्यांतून मराठी पत्रांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा एक अर्थशून्य समूह पडद्यावर उभा राहिला. २०१६ नंतरच्या व्यवहाराचा तर कपाटात मागमूसही नव्हता, कारण तो वर्गणी भरून घेतलेल्या एका प्रणालीत ठेवलेला होता. मध्यंतरी समिती बदलली, ज्यांच्या नावे खाते होते ते गृहस्थ पुण्यास राहावयास गेले, वर्गणी थकली, खाते बंद झाले, आणि पाच वर्षांच्या तक्रारी, कंत्राटे, दुरुस्तीचे तपशील व नळजोडणीचे नकाशे आमच्या हातून गेले. चाळीस वर्षांपूर्वीचे सारे वाचता येत होते, वीस वर्षांपूर्वीचे तुटकतुटक, आणि अगदी अलीकडचे मुळीच नाही.

या अनुभवाचा दोष मी त्या प्रणालीच्या विक्रेत्याकडे लावू इच्छीत नाही. निवड आम्हीच केली होती, आणि ती करताना जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा होता तो विचारलाच नव्हता.

हा प्रश्न केवळ आमच्या जिन्याखालच्या खोलीचा नाही. १९७३ साली अंधेरीत सीप्झ या निर्यात क्षेत्राची स्थापना झाली तेव्हापासून मरोळ, चकाला, साकीनाका या पट्ट्यात जी कार्यालये आणि कारखाने उभे राहिले, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला आज संस्थांतर्गत ज्ञान कोठे व कसे साठवावे हा विचार पडलेला आहे. आणि घाटकोपरचे रुग्णालय असो, बोरिवलीची शाळा असो, की दहा माणसांची सनदी लेखापालाची पेढी असो, कोणी ना कोणी विक्रेता लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर बसलेला आहे. तो सुबक पाने दाखवितो, दरमाणशी दरमहा किती रुपये पडतील ते सांगतो, आणि आमची मंडळी दोन-तीन प्रणालींचे गुण उभ्या-आडव्या रकान्यांत मांडून बेरीज करतात. या रकान्यांत रंग असतात, सोयी असतात, मोबाइलवर चालते की नाही हे असते. परंतु हा विक्रेता राहिला नाही, आणि आज येथे बसलेल्यांपैकी कोणीही राहिले नाही, तर यातील मजकूर कोण आणि कशाने वाचील, या एका प्रश्नासाठी रकाना नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की तो रकाना पहिला असावा, आणि त्यात समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज पुढचे रकाने भरूच नयेत.

मराठी माणसाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही, कारण दफ्तर ठेवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे आणि तिने पाहिलेले दुःखही जुनेच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा ज्यात बांधून ठेवावयाचा ते चौकोनी फडके, आणि पुढे त्या गठ्ठ्यालाच ते नाव पडले. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार ही आज केवळ आडनावे म्हणून उरलेली नावे त्या काळी हुद्द्यांची होती, आणि त्यातील प्रत्येकाला कोणता कागद आपल्या ताब्यात आहे व त्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे ठाऊक असे. राज्य १८१८ साली गेले, तरी कागद गेले नाहीत. शाई टिकली, रुमालांच्या गाठी टिकल्या. गेली ती वाचणारी दृष्टी. हे कागद बहुतांश मोडी लिपीत आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीचा व्यवहार थांबल्यावर अवघ्या दोन पिढ्यांत असे झाले की आजोबांच्या हातचे खत नातवाला परभाषेतील शिलालेखासारखे दिसू लागले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून प्रसिद्ध केले, ते कार्य इतिहाससंशोधनाचे म्हणून आपण गौरवितो आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या अंगाने पाहिले तर ते एका मावळत्या लिपीतून टिकणाऱ्या लिपीत केलेले स्थलांतर होते, आणि ते मोडी जाणणारी माणसे मुबलक होती तोवर झाले हे आपले भाग्य. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी महसुली दफ्तरे उघडण्याची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. नोंद होती, कागद होता, तो ज्यात होता तो रुमालही होता, आणि तरीही कचेरीचा कारभार वाचकाच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता.

मोडीला जे दोन पिढ्यांत झाले ते संगणकावरील मराठीला दहा वर्षांत झाले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपण जे मराठी टंकलेखन केले, त्यातील बहुसंख्य मजकुरात मराठी अक्षरे साठविलेलीच नव्हती. टंक तयार करणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीप्रमाणे देवनागरीचे तुकडे बसविले होते. कोणी एका खुणेच्या जागी काना ठेवला, तर दुसऱ्याने तेथेच अर्धा म. तो विशिष्ट टंक यंत्रात असेपर्यंत पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसे, तो काढताच मागे राहत ती निरर्थक रोमन अक्षरे. आमच्या सीडींवर मला जे दिसले ते हेच. सर्वांत वेदना देणारी गोष्ट ही की उपाय तेव्हाही उपलब्ध होता: भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली प्रमाण ठरविली होती, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, जिच्यात देवनागरीचा समावेश होता, तीही त्याच वर्षी निघाली. पण दुकानात जे सुबक दिसले ते आपण घेतले, आणि अक्षर आत कसे साठविले जाते हे विचारण्याचे कोणालाच सुचले नाही.

या ठिकाणी उपनगरांच्या एका ऋणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला अप्रशस्त वाटते. पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकविणारे र. कृ. जोशी, आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, यांनी भारतीय लिप्या संगणकात यथायोग्य बसाव्यात यासाठी जे परिश्रम केले त्यांची वाच्यता फारशी झालेली नाही. जोशींनी रचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोज २००० बरोबर देशभर गेला आणि युनिकोडातील मराठी सामान्य कारकुनाच्या पडद्यावर प्रथमच विनासायास दिसू लागली. आपण आज एकमेकांना जे मराठी संदेश पाठवितो आणि ते दुसऱ्याच्या यंत्रावर जसेच्या तसे उमटतात, त्यामागे अंधेरीपासून हाकेच्या अंतरावर झालेले हे काम आहे. त्यातून घेण्यासारखा धडा असा की मजकूर प्रमाण संकेतात असला तर टंक बदलो, यंत्र बदलो, त्याला धक्का लागत नाही.

तोच न्याय आता प्रणालींना लावून पाहावा. या क्षेत्राचा इतिहास फार मोठा नाही. लोटस नोट्स १९८९ साली आले. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने कोणालाही पान लिहिता व दुरुस्त करता येईल अशी व्यवस्था निर्माण केली आणि होनोलुलू विमानतळावरील जलद बससेवेच्या नावावरून तिला विकी म्हटले. मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट २००१ साली, ऑस्ट्रेलियातील अॅटलासियन कंपनीचे कॉन्फ्लुएन्स २००४ साली. त्यानंतर या बाजारात एवढी भर पडली की नावे मोजण्यात अर्थ नाही. या सर्व काळात जो खरा पालट झाला तो एका वाक्यात सांगता येतो: पूर्वी प्रणाली विकत मिळत असे, आता ती भाड्याने मिळते. अॅटलासियनने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले आणि १५ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या सर्व्हर आवृत्तीला, म्हणजे ग्राहकाने एकदा परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावर चालवावयाच्या आवृत्तीला, आधार देणे थांबविले. स्लॅक या संभाषणाच्या प्रणालीने सप्टेंबर २०२२ पासून विनामूल्य ग्राहकांना मागील ९० दिवसांपलीकडचे संभाषण दाखविणे बंद केले आणि २०२४ पासून एक वर्षापेक्षा जुना मजकूर काढून टाकण्यास प्रारंभ केला. दोन्ही कंपन्यांनी आगाऊ सूचना दिली होती, दोघींचा व्यापार आहे आणि आपल्या अटी बदलण्याचा त्यांना अधिकार आहे, याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याकडच्या व्यवस्थापकांविषयी, ज्यांनी भाड्याच्या घरात पिढीजात ठेवा पुरला आणि करारनामा वाचला नाही.

उपनगरात राहणाऱ्याला भाडेकरूचा धर्म शिकवावा लागत नाही. लीव्ह अँड लायसन्सवर अकरा महिन्यांसाठी घर घेणारे कुटुंब भिंतीत कपाट बांधून घेत नाही. ते अशी खाट आणि असे कपाट घेते की जे दारातून बाहेर काढता येईल आणि दुसऱ्या घराच्या जिन्यावरून वर नेता येईल. संस्थेचे ज्ञान भाड्याच्या प्रणालीत ठेवण्यास माझा विरोध नाही. पाचशे माणसांच्या कंपनीने स्वतःचा सर्व्हर सांभाळण्यापेक्षा भाडे देणे कित्येकदा शहाणपणाचे असते. परंतु सामान दारातून निघते की नाही हे राहावयास जाण्यापूर्वी पाहावे. पाने बाहेर काढली तर ती साध्या मजकुराच्या किंवा सर्वत्र उघडणाऱ्या फाइलींच्या रूपाने मिळतात काय, त्यांच्यातील परस्परांचे दुवे शाबूत राहतात काय, जोडलेली चित्रे व नकाशे बरोबर येतात काय, कोणी केव्हा काय बदलले हा इतिहास येतो काय, आणि हे सर्व विक्रेत्याच्या परवानगीवाचून आपल्या हाताने करता येते काय, हे प्रत्यक्ष करून पाहावे. विक्रेत्याने 'होय, सोय आहे' असे म्हटल्याने भागत नाही. मी पाहिलेल्या एका प्रात्यक्षिकात ती सोय होती, आणि तिने बाहेर काढलेल्या मराठी फाइलींची नावे सगळी प्रश्नचिन्हे झाली होती.

लहान संस्थांना, म्हणजे शंभराच्या आतील माणसांच्या शाळा, पेढ्या, वाचनालये व गृहनिर्माण संस्था यांना, माझा कल स्पष्टपणे साध्या आणि मुक्त स्रोताच्या साधनांकडे आहे. डोकुविकी नावाची एक प्रणाली २००४ पासून चालत आली आहे. तिच्यात प्रत्येक पान ही एक साधी मजकूर-फाइल असते, त्यामुळे प्रणाली उद्या नाहीशी झाली तरी ती पाने कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतात. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही मुक्त आहे, जरी लहान संस्थेला ते काहीसे अवजड पडते. यावर अंधेरीतील एक परिचित तंत्रव्यवस्थापक मला नेहमी म्हणतात, "काका, फुकटच्या सॉफ्टवेअरला रात्री अकरा वाजता फोन कोणाला करायचा?" त्यांचा आक्षेप खरा आहे, परंतु थकलेल्या वर्गणीच्या प्रणालीलाही रात्री अकरा वाजता कोणी फोन उचलीत नाही, आणि मुक्त प्रणाली सांभाळून देणारे तरुण व्यावसायिक उपनगरांत आता सहज मिळतात. जी रक्कम दरमाणशी वर्गणीत जाते तिच्या काही हिश्श्यात असा माणूस ठेवता येतो, आणि तो सोडून गेला तरी मजकूर आपल्याकडेच राहतो.

आता शोधाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे मराठी संस्थेची कसोटी इतरांहून निराळी आहे आणि ती लावलेली मी क्वचितच पाहिली आहे. साठविलेले सापडत नसेल तर ते नसल्यासारखेच. मराठी नाम विभक्तीपूर्वी आपले रूप बदलते, ज्याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलो. 'पाणी' हा शब्द वाक्यात 'पाण्याची टाकी', 'पाण्यामुळे', 'पाण्याखाली' असाच बहुधा येतो. शोधयंत्र अक्षरशः जुळवणी करणारे असेल, तर 'पाणी' असे लिहून शोधणाऱ्या कारकुनाला पाण्याच्या टाकीवरील एकही पान सापडणार नाही, आणि तो तसे काही नोंदलेलेच नाही असे समजून प्लंबरला नव्याने बोलावील. पुढे पाहा. 'ॲग्रीमेंट' या रोजच्या शब्दातील पहिले अक्षर दोन प्रकारांनी साठविता येते, एक अ आणि त्यावर चंद्र असे जोडून, दुसरे २००८ साली युनिकोडात स्वतंत्रपणे आलेले. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला नाही. 'दुसऱ्या मजल्यावरील गळती' यातील ऱ्या हे जोडाक्षरही असेच दोन मार्गांनी लिहिले जाते. खोली क्रमांक ५०४ आपण कधी देवनागरी अंकांत लिहितो, कधी रोमन अंकांत. आणि घाईत असलेली माणसे तर सगळी मराठीच रोमन अक्षरांत लिहितात. चांगले शोधयंत्र यांतील पुष्कळशी रूपे एकत्र आणू शकते, हे अशक्य काम नाही. परंतु ज्या प्रणालीची परीक्षा केवळ इंग्रजी मजकुरावर घेतली तिच्यात ते होते की नाही हे कधीच कळत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्याच्या नमुन्याच्या पानांऐवजी आपल्याच कचेरीतील वीस-पंचवीस खरी पाने, तक्रारींसकट, खाडाखोडींसकट, त्याच्या हाती द्यावीत. आणि शोध घेण्यास साहेबांना न बसविता ज्याला रोज शोधावे लागते त्या कारकुनाला बसवावे, व त्याने त्याच्या भाषेत दहा प्रश्न विचारावेत. दहांपैकी किती उत्तरे मिळाली हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलका असतो.

इतके करूनही जे प्रणालीत येतच नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो सर्वांत गहन आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रकारखान्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली. आमच्याकडे भट्टीवर एक फोरमन होते. पोलाद पाण्यात बुडविण्याचा क्षण ते तापमापकाकडे पाहण्याआधीच ओळखीत, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजातील बदल त्यांना दोन खोल्या पलीकडून कळे. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरले तेव्हा व्यवस्थापनाने नव्या प्रणालीत त्यांच्यासाठी एक विभाग उघडून दिला आणि जे जे ठाऊक आहे ते लिहून काढा असे सांगितले. तीन महिन्यांत तीन पाने झाली, आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतील अशी होती. माणूस कामचुकार नव्हता. त्याचे ज्ञान शब्दांच्या अलीकडे राहत होते. मूळचे हंगेरीचे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली अशा अव्यक्त ज्ञानावर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि जपानचे इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली, असे ज्ञान माणसे एकत्र काम करतात तेव्हाच एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे कारखान्यांच्या उदाहरणांनी मांडले. परंतु आम्हाला ते पुस्तकांवाचूनच उमगले. एका प्रशिक्षणार्थी मुलाला दर बुधवारी एक तास भट्टीपाशी त्यांच्या शेजारी उभे राहण्यास सांगितले. त्याने पाहिले ते लिहावे, 'आत्ताच का थांबलात' असे विचारावे, आणि लिहिलेले दुसऱ्या बुधवारी त्यांना वाचून दाखवावे. "असं नाही रे बाळा, रंग केशरी झाला म्हणून नाही थांबलो, कडेचा रंग फिरला म्हणून थांबलो," असे म्हणत ते दुरुस्त करीत. वर्षाअखेरीस चाळीसेक पाने झाली, आणि पुढे ती कारखान्यात सर्वाधिक वाचली गेली. त्यांत प्रणालीचा वाटा केवळ पान ठेवण्याचा होता. खरी किंमत पडली ती त्या मुलाच्या बुधवारच्या तासांची, आणि हे तास उत्पादनातून वजा होतात म्हणून भांडणाऱ्या अधिकाऱ्याशी ज्याने वाद घातला त्या वरिष्ठाच्या आग्रहाची.

म्हणूनच प्रणालीसाठी अंदाजपत्रकात रक्कम धरताना दफ्तरदारासाठी तेवढीच धरावी, असे मी आग्रहाने म्हणतो. नाव जुने आहे, पण मला दुसरे सुचत नाही. मोठ्या कंपनीत हा स्वतंत्र हुद्दा असावा, लहान संस्थेत कोणाच्या तरी नेमून दिलेल्या कामाचा भाग असावा, आठवड्यातील अमुक तास त्यासाठी मोकळे असावेत, आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनात ते मोजले जावेत. प्रत्येक पानावर ते कोणाच्या जिम्म्यात आहे आणि शेवटी केव्हा तपासले हे लिहिलेले असावे; कालबाह्य पाने काढून वेगळ्या जागी ठेवावीत, कारण चुकीचे पान हे नसलेल्या पानापेक्षा अधिक घातक असते. ज्या संस्थेत हे काम सर्वांचे म्हणून सोडले जाते तेथे दोन वर्षांत प्रणाली ओसाड पडते, आणि माणसे पुन्हा व्हॉट्सॲपच्या गटाकडे वळतात, जेथे गणपतीच्या वर्गणीची यादी, पाण्याच्या टँकरची वेळ आणि वास्तुविशारदाचा अहवाल एकाच प्रवाहात वाहून जातात.

जलप्रवाहाचा विषय निघाला म्हणून एक स्मरण नोंदवितो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि कुलाब्यात मात्र त्याच दिवशी शंभर मिलिमीटरही नाही. मिठी नदी पवई आणि विहारच्या तलावांकडून मरोळवरून कुर्ल्याकडे जाते. तिच्या काठच्या तळमजल्यांवरील किती दफ्तरे त्या रात्री लगदा झाली याची गणती कोणी केली असेल असे वाटत नाही. आमच्या कारखान्याच्या आराखड्यांची खोली त्यांत होती. पुढे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून वरच्या मजल्यांवरील फायली जळाल्या, तेव्हा साऱ्या राज्याला तोच धडा दुसऱ्या महाभूताने दिला. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याच्या ताब्यात असावी, आणि प्रणाली परदेशातील यंत्रांवर चालत असली तरी हा नियम शिथिल करू नये. त्याबरोबरच, सभासदांचे दूरध्वनी, रुग्णांचे आजार, विद्यार्थ्यांची गुणपत्रके यांना २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने जी मर्यादा घातली आहे ती पाळून, कोणते पान कोणाला दिसावे हे आरंभीच ठरवावे. नंतर कुलपे लावणे फार कष्टाचे होते.

आमच्या संस्थेपुरते आम्ही जे ठरविले ते सांगतो. इतिवृत्ताची वही कागदावर, हातानेच, पूर्वीप्रमाणे लिहिली जाते, आणि प्रत्येक सभेनंतर तिचे छायाचित्र व टंकलिखित प्रत संस्थेच्या विकीवर जाते. विकी एका सभासदाच्या घरी ठेवलेल्या लहान यंत्रावर चालतो; त्याची संपूर्ण नक्कल दर महिन्याला एका पेनड्राइव्हवर उतरवून बोरिवलीस राहणाऱ्या आमच्या माजी खजिनदारांकडे पाठविली जाते. जुन्या सीडींवरील पत्रांपैकी निम्मी एका परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडात आणली. त्यांत जोडाक्षरांच्या चुका राहिल्या आहेत, आणि दोन निवृत्त शिक्षिका त्या मूळ छापील प्रतींशी, जेथे त्या मिळाल्या तेथे, ताडून पाहत आहेत. आणि दर तीन महिन्यांनी, समितीवर नसलेल्या कोणा एका रहिवाशाला बोलावून, त्याला काहीही न शिकविता, तो पेनड्राइव्ह त्याच्या स्वतःच्या संगणकावर उघडावयास सांगून, आम्ही पाच प्रश्न देतो.

गेल्या खेपेस चौथ्या मजल्यावरील महाविद्यालयात जाणारी मुलगी बसली होती. गच्चीच्या जलरोधनाचे काम केव्हा झाले, वाहनतळाविषयीचा ठराव कोणता, उद्वाहनाची देखभाल कोणाकडे, ही तिन्ही उत्तरे तिने दहा मिनिटांत काढली. १९८३ सालचा पहिला ठरावही वाचून दाखविला. पाचवा प्रश्न होता, आग लागल्यास किंवा नळ फुटल्यास तळघरातील मुख्य वॉल्व्ह कोणता व तो कोणत्या बाजूस फिरवावा. तिने 'पाणी' शोधले, 'पाण्याचा' शोधले, 'वॉल्व्ह' शोधले; पान नव्हते. पंचवीस वर्षे इमारतीचे नळ सांभाळणारे वॉचमन मामा तेव्हा खोलीच्या दारातच उभे होते. ती उठली, वही घेतली, आणि त्यांच्याबरोबर तळघरात उतरली.